आमचं वावर दिसते का वरून?

इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशनला ॲडमिशन झाली की नातेवाईकांच्या दृष्टीने आपण मेकॅनिक होतो. सुट्टीत घरी गेलं की कुणाचा मोबाईल चार्ज होत नसतो, कुणाच्या डिशला सिग्नल नसतो. ‘तेच शिकतो न तू?’ हा प्रश्न ठरलेला. आपण चार वर्षं अँटेना, डॉपलर, मॅक्सवेलची समीकरणं यांचा रट्टा मारतो, १० मार्कांचं उत्तर दोन पानांत लिहून येतो. पण त्यातलं एक वाक्य आपल्या मायला सांगायचं म्हटलं तर जीभ अडखळते. हा लेख असंच एक वाक्य सांगण्याच्या खटपटीबद्दल आहे. त्या वाक्याचा नऊ मिनिटांचा व्हिडिओ झाला आणि तो करता करता सहा महिने गेले.

सुरुवात टीव्ही रूममध्ये झाली. ३० जुलै २०२५, संध्याकाळी ५ वाजून ४० मिनिटं. श्रीहरिकोट्याहून जीएसएलव्ही-एफ१६ रॉकेट ‘निसार’ला घेऊन उडालं. नासा आणि इस्रो या दोघांनी मिळून बनवलेला हा रडार उपग्रह, वजन २,३९२ किलो, अवकाशात गेल्यावर छत्रीसारखा उघडणारा १२ मीटर व्यासाचा अँटेना. आम्ही नेहमीप्रमाणे टाळ्या वाजवल्या. मागे उभे असलेले वॉचमन काका मात्र शांतपणे म्हणाले, ‘‘फोटो काढते म्हंता, मंग एवढं आभाळ भरलं हाये, तं वरून काय दिसते त्याले?’’

रूममध्ये पंधरा-वीस जण होतो, सगळे इंजिनिअरिंगचे. ‘‘काका, तो रडार आहे,’’ असं कुणीतरी म्हणालं आणि विषय तिथेच संपला. काकांना त्यातून काय कळलं असेल? काहीच नाही. पण प्रश्न अगदी मर्मावर बोट ठेवणारा होता. आपल्या वऱ्हाडाचं खरीप जून ते सप्टेंबर या ढगाळ महिन्यांतलं. पऱ्हाटी, तूर, सोयाबीन सगळं त्याच दिवसांत उभं असतं, आणि त्याच दिवसांत अतिवृष्टीने आडवं होतं. साधा कॅमेरा असलेला उपग्रह सूर्याच्या उजेडात फोटो काढतो. शेतकऱ्याला त्या फोटोची सगळ्यात जास्त गरज असते तेव्हा त्या कॅमेऱ्याला ढगांचा पांढरा कापूस तेवढा दिसतो. पीक विम्यात उत्पन्नाचा अंदाज काढायला उपग्रहाची मदत घेणारी ‘यस-टेक’ पद्धत २०२३ मध्ये आली. म्हणजे यापुढे आपल्या वावराबद्दल वरूनही काहीतरी बोललं जाणार. ज्याच्याबद्दल बोललं जाणार, त्याला ते समजायला नको का?

आम्ही तिघांनी ठरवलं की यावर व्हिडिओ करायचा. मी अकोला जिल्ह्यातला, पूर्णाकाठचा. एक मित्र परतवाड्याचा, एक वरूडचा. वरूडवाल्याकडे ट्रायपॉड होता, म्हणून तो कॅमेरामन! हिवाळ्यात एनएसएसचं शिबिर आमच्याच भागातल्या एका गावात होणार होतं. तिथे शाळेच्या भिंतीवर चादर लावून दाखवायचा, असा बेत.

शूटिंगच्या आधी स्क्रिप्ट मेसच्या मावशींना वाचून दाखवायची, हा नियम परतवाडेकराने घातला. पहिलं वाक्य होतं : ‘सूक्ष्मतरंगांचे पृष्ठभागावरून होणारे प्रकीर्णन नोंदवून प्रतिमा तयार केली जाते.’ मावशींनी पोळी उलटवली आणि विचारलं, ‘‘हे मराठी हाये का?’’ पुस्तकी शब्द बाजूला ठेवून मग आम्ही कामाला लागलो. रडार म्हणजे काय? हाक मारायची आणि परत येणारा आवाज ऐकायचा. बस्स. हाक कुठे मारायची हे परतवाड्याच्या माणसाला सांगावं लागत नाही. चिखलदऱ्याचा पंचबोल पॉइंट! एक हाक दिली की पाच वेळा परत येते म्हणून ते नाव.

ऑगस्टमधल्या एका रविवारी एसटीने चिखलदऱ्याला पोचलो तर धुकं असं की हातभर अंतरावरचं दिसेना. वरूडवाला वैतागला, ‘‘अबे, शूट कशाचं करू?’’ कॅमेऱ्यात नुसता पांढरा पडदा. तेवढ्यात परतवाडेकराने तोंडाशी हात धरून हाक दिली, आणि त्या पांढऱ्या पडद्याआडून हाक परत आली. एकदा, मग पुन्हा, मग जरा उशिरा आणखी एकदा. आम्ही एकमेकांकडे पाहतच राहिलो. वॉचमन काकांच्या प्रश्नाचं उत्तर समोर होतं. डोळ्याला दरी दिसत नव्हती, पण आवाज सांगत होता की समोर कडा आहे, आणि तो किती लांब आहे. आमच्या व्हिडिओचं पहिलं मिनिट म्हणजे तेच धुकं आणि तीच हाक.

धुक्यातून आवाज जातो तशी रडारची लहर ढगातून जाते. ढगातला थेंब साधारण मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढा. सेंटिनेल-१ या युरोपियन रडार उपग्रहाची लहर ५.६ सेंटिमीटरची, म्हणजे थेंबाच्या अडीच-तीन हजार पट मोठी. बैलगाडी वाळूच्या कणावरून जाते तशी ती थेंबावरून जाते. शिवाय हा उपग्रह सूर्याच्या उजेडावर अवलंबून नाही. आपली हाक आपणच मारतो, त्यामुळे रात्रीही काम चालू.

आता अंतर. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. हाक दोन सेकंदांनी परत आली तर कडा ३४० मीटरवर, कारण जाणं आणि येणं दोन्ही धरायचं. रडारची लहर प्रकाशाच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला ३ लाख किलोमीटर जाते. उपग्रहापासून आपलं वावर तिरक्या रेषेत सुमारे ८५० किलोमीटर. हाक मारून परत यायला ६ मिलिसेकंदसुद्धा लागत नाहीत. तिरक्या रेषेत कशाला, असं कुणी विचारेल. सरळ खाली हाक मारली तर डावीकडच्या आणि उजवीकडच्या वावराचा आवाज एकाच वेळी परत येईल, कोणता कुठला ते कळणार नाही. म्हणून रडार नेहमी एका बाजूला तोंड करून ऐकतं.

काळं-पांढरं कसं होतं, हे आम्ही हॉस्टेलच्या कॅरमवर शूट केलं. स्ट्रायकर एका कडेवर तिरका मारला तर तो पलीकडे निघून जातो, आपल्याकडे येत नाही. साचलेलं पाणी असंच, गुळगुळीत. लहर त्यावर पडते आणि पलीकडे सटकते, उपग्रहाकडे काहीच परत येत नाही, म्हणून फोटोत पाणी काळं. मोर्शीजवळचं अप्पर वर्धा धरण फोटोत शाई सांडल्यासारखं दिसतं. पण तोच स्ट्रायकर कोपऱ्यात मारा. दोन कडांना आपटून तो आल्या वाटेनेच परत येतो. घराची भिंत आणि समोरचं अंगण यांचा असाच कोपरा होतो, म्हणून अमरावती आणि अकोला शहरं फोटोत झगझगीत पांढरी. नांगरलेल्या वावरातली ढेकळं लहर सगळीकडे उधळतात, थोडी आपल्याकडेही येते, म्हणून ते वावर करडं. आणि डांबरी रस्ता? आपल्या अमरावती–अकोला महामार्गावर जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा टाकून गिनेस विक्रम झाला होता, आठवतं? रस्ता जितका गुळगुळीत तितका रडारला काळा. रस्त्याच्या कामाची अशीही पावती!

फोटोभर दिसणारे बारीक दाणे पाहून मावशी म्हणाल्या, ‘‘याले तं जुन्या टीव्हीसारख्या मुंग्या आल्या.’’ अगदी बरोबर. एका ठिपक्यात शेकडो ढेकळांचे, पानांचे आवाज एकमेकांत मिसळतात. कुठे जुळून मोठे होतात, कुठे एकमेकांना खाऊन टाकतात. त्या मुंग्या आम्ही ‘मावशींच्या मुंग्या’ म्हणूनच व्हिडिओत ठेवल्या.

सगळ्यात अवघड भाग पुढे होता. पुस्तकात त्याला सिंथेटिक ॲपर्चर म्हणतात आणि व्हायवात तिथेच सगळे आडवे होतात. हिशोब साधा आहे. सेंटिनेलचा अँटेना १२.३ मीटर लांब. एवढ्या अँटेनाची हाक ८५० किलोमीटरवर पोचेपर्यंत पसरून जवळपास ४ किलोमीटर रुंद होते. त्यात गावच्या गाव मावतं, मग एकेक वावर कसं ओळखायचं? १० मीटरचं बारीक पाहायचं तर अँटेना पावणेपाच किलोमीटर लांब हवा, म्हणजे अमरावती ते बडनेरा अंतराच्या जवळपास निम्मा! असा अँटेना कोण उडवणार? १९५१ मध्ये अमेरिकेत गुडइयर कंपनीतल्या कार्ल वायली या इंजिनिअरने यातून वाट काढली.

ती वाट दाखवायला आम्ही मूर्तिजापूरजवळच्या रेल्वे फाटकावर गेलो. डोळे मिटून उभे राहा. मालगाडी येत असताना हॉर्न बारीक, चढा वाटतो. पुढे निघून गेली की जाड होतो. न पाहता कळतं की गाडी येते आहे की गेली. उपग्रहाचंही तेच. तो सेकंदाला साडेसात किलोमीटर वेगाने पळतो. त्या ४ किलोमीटरच्या पट्ट्यात जे वावर पुढे आहे त्याचा आवाज ‘येतोय’ असा चढा, जे मागे पडलं त्याचा ‘गेला’ असा उतरता. अंतर सारखं असलं तरी सूर वेगळा. उपग्रह पळता पळता हजारो हाका मारतो, प्रत्येक हाकेचा सूर जपून ठेवतो, आणि नंतर संगणक ते सगळे सूर वेगळे करून प्रत्येक वावर आपापल्या जागी बसवतो. लहान अँटेना पळवून मोठ्याचं काम करून घ्यायचं, एवढीच ही युक्ती.

बाकीचा इतिहास आम्ही अर्ध्या मिनिटात उरकला. १९७८ चा अमेरिकेचा सीसॅट, भारताचा एप्रिल २००९ मधला रिसॅट-२, २६ एप्रिल २०१२ ला उडालेला आपल्याकडे बनलेला रिसॅट-१, १४ फेब्रुवारी २०२२ चा ईओएस-०४ आणि मग निसार. निसारच्या दोन लहरी, नासाची २४ सेंटिमीटरची आणि इस्रोची साधारण ९ सेंटिमीटरची. लांब लहर पानांच्या आत शिरते, फांद्या आणि खोडापर्यंत पोचते, म्हणून मेळघाटच्या सागवानासाठी ती जास्त कामाची.

इथपर्यंत व्हिडिओ तयार होता आणि आम्ही खुश होतो. दिवाळीत घरी मोठेबाबांना दाखवला. त्यांनी पूर्ण पाहिला, मग चष्मा काढून म्हणाले, ‘‘चांगलं हाये. पन आमचं वावर दिसते का वरून? त्या चार दिवसांचं पानी?’’

२०२५ च्या पावसाळ्यात पूर्णाकाठच्या आमच्या पाच एकरांत चार दिवस पाणी उभं होतं. काळी माती, त्यात खारपाणपट्टा, पाणी लवकर जिरतच नाही. सोयाबीन मुळाशी सडलं. पंचनाम्याला माणूस आला तोपर्यंत पाणी उतरलं होतं. ‘पाणी किती दिवस होतं?’ या प्रश्नावर मोठेबाबांकडे त्यांच्या शब्दाशिवाय काही नव्हतं.

सेंटिनेलचे फोटो कुणालाही फुकट मिळतात. हॉस्टेलला परतल्यावर मी ते उतरवून घेतले. पाच एकर म्हणजे १० मीटरचे साधारण २०० ठिपके, दिसायला पुरेसे. पाणी यायच्या आधीचा एक फोटो होता आणि पाणी उतरल्यानंतरचा एक. मधल्या चार दिवसांचा नव्हता. एक उपग्रह त्याच मार्गावर १२ दिवसांनी येतो, दोन असले तर ६ दिवसांनी, आणि आमचं पाणी नेमकं त्या फटीत येऊन गेलं. नंतरच्या फोटोत आमचं वावर काळं नव्हतंच, उलट आधीपेक्षा उजळ होतं. कारण ओल्या मातीवरून लहर कोरड्या मातीपेक्षा जोरात परत येते. माती ओली झाली की उजळते, वर पाणी साचलं की काळी पडते. दोन धुऱ्यांपलीकडचं नदीलगतचं खोलगट वावर मात्र अजून काळंभोर होतं. तिथलं पाणी उतरलं नव्हतं.

त्या रात्री रूममध्ये भांडण झालं. वरूडवाल्याचं म्हणणं होतं की फक्त खोलगट वावर दाखवू. ‘‘बघा, ढगातूनही पाणी दिसलं! लोक टाळ्या वाजवतील. शेवटी टाकू की आता कुठलाही शेतकरी वंचित राहणार नाही. शिबिरात निराश करायला जायचं का लेका?’’ त्याचा मुद्दा अगदीच टाकाऊ नव्हता. नऊ मिनिटांच्या व्हिडिओत माणसाला काहीतरी आशा हवी असते. पण माझ्या डोळ्यांसमोर मोठेबाबा पहिल्या रांगेत बसलेले होते. त्यांचं पीक गेलं हे खरं, आणि फोटोत ते दिसत नाही हेही खरं. उद्या कुणी असाच फोटो समोर धरून ‘तुमच्या वावरात पाणी नव्हतं’ म्हणालं, तर ‘तुमचा फोटो त्या दिवसाचा नाही’ हे उत्तर त्यांना देता आलं पाहिजे. यंत्र काय पाहतं हे सांगायचं आणि कधी पाहत नाही हे लपवायचं, तर ती जाहिरात झाली. मी म्हणालो, दोन्ही वावरं दाखवू, तारखांसह. पहाटे दोनला परतवाडेकराने माझ्या बाजूने मत दिलं. बहुधा त्याला झोप आली होती.

शिबिराच्या चौथ्या दिवशी संध्याकाळी शाळेच्या पटांगणात शंभर-सव्वाशे माणसं जमली. मोठेबाबाही शेजारच्या गावाहून आले. धुक्यातल्या हाकेला पोट्ट्यांनी खालून हाका दिल्या, कॅरमला शिट्ट्या पडल्या. मग ते दोन फोटो आले आणि पटांगण शांत झालं. ‘हे वावर चार दिवस पाण्याखाली होतं. पण उपग्रह आला तेव्हा पाणी उतरलं होतं,’ असा माझाच आवाज त्या चादरीवरून येत होता.

पहिले मोठेबाबाच बोलले. ‘‘म्हंजे हा बी पंचनाम्यासारखाच. पानी उतरल्यावर येते!’’

पटांगण खो खो हसलं. आम्हीही हसलो, दुसरं काय करणार? हसू थांबल्यावर बायकांच्या बाजूने एक काकू उठल्या. ‘‘बापू, माती ओली असली की पांढरी दिसते म्हंता. मंग वाफसा आला का नाही, ते बी दिसते का?’’ हा प्रश्न आमच्या सेमिनारमध्ये कुणी विचारला नसता. जमिनीतला ओलावा रडारवरून मोजणं हा मोठा अभ्यासाचा विषय आहे. काकूंनी तो एका शब्दात मांडला. मी सांगितलं, अंदाज येतो, पण उभ्या पिकाची पानं मध्ये येतात आणि ढेकळांमुळेही फरक पडतो, त्यामुळे पायाखालच्या मातीइतकं नक्की नाही. त्यांनी लगेच पुढचं विचारलं, ‘‘अन् तो येते कधी, हे आधी कळते का? एसटीसारखं टाइमटेबल असते का त्याचं?’’

असतं! उपग्रहाचा मार्ग ठरलेला असतो. सेंटिनेल आपल्या भागावरून सकाळी सहाच्या किंवा संध्याकाळी सहाच्या सुमारास जातो, आणि पुढच्या फेरीची तारीख मागच्या तारखेवरून काढता येते. हे आम्हाला माहीत होतं, पण गावाला उपयोगी आहे हे सुचलं त्या काकूंना. तिथेच बसून ठरलं : येत्या पावसाळ्यासाठी तारखांचा तक्ता करून शाळेच्या फळ्याशेजारी लावायचा. उपग्रह येण्याच्या दिवशी पाणी असेल तर वरचा फोटो आहेच. नसेल त्या दिवशी आपणच मोबाईलने फोटो काढायचा, तारीख आणि ठिकाण नोंदवून, धुऱ्यावरची ओळखीची खूण फ्रेममध्ये घेऊन. आणि विम्याला जे कळवायचं ते वेळेत कळवायचंच, उपग्रहाची वाट पाहत बसायचं नाही. हे शेवटचं वाक्य मोठेबाबांनी दोनदा म्हणायला लावलं.

तक्ता लागला आहे. या पावसाळ्यात त्याचा उपयोग होतो की नाही, ते पावसाळाच सांगेल. मोठेबाबांचं त्या वर्षीचं नुकसान मात्र भरून निघालेलं नाही, ते व्हिडिओने निघणारही नव्हतं.

मित्रांनो, आपल्या हॉस्टेलमध्ये दरवर्षी शंभर तरी प्रोजेक्ट होतात. बाइंडिंग होतं, सोनेरी अक्षरं छापली जातात आणि ते लायब्ररीच्या कपाटात जातं. त्यातल्या निम्म्या विषयांचा संबंध आपल्या घराशी आहे : विहिरीची मोटर, गावचा ट्रान्सफॉर्मर, संत्र्याची प्रतवारी, पुलाचं काँक्रीट. प्रोजेक्ट संपला की त्यावर पाच-दहा मिनिटांचा एक व्हिडिओ आपल्या बोलीत करा. आधी मेसमध्ये दाखवा, मग घरी. एक्स्टर्नल काय विचारतील याची भीती आपल्या सगळ्यांना असते. घरचे काय विचारतील याची तयारी कुणीच करत नाही, आणि ते प्रश्न जास्त कठीण असतात. आमच्याकडे ट्रायपॉड आहे. पाहिजे असेल त्याने रूमवर येऊन न्यावा, फक्त वरूडवाल्याला विचारून!